हरकत नाही

प्रबोध सबनीसला पगार मिळायचा तो दुसऱ्यांच्या चुका काढण्याबद्दल. सिंगापुरातल्या एका बँकेत तो अंतर्गत तपासणीचा मॅनेजर होता. कोणी कुठल्या फॉर्मवर काय लपवलं, मेहुण्याला कर्ज कोणाच्या सहीने गेलं, हे हुडकून काढायचं आणि मग त्या माणसाला काचेच्या खोलीत बोलावून, त्याच्यापुढे पाणी ठेवून, अगदी मऊ आवाजात विचारायचं, "हे तुम्ही जाहीर का केलं नाहीत?" या प्रश्नावर माणसांना कसा घाम फुटतो, हे तो घरी बायकोला रंगवून सांगायचा. नाकाने कांदे सोलणारी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. प्रबोधला तर त्याचाच पगार होता.

आणि या गृहस्थाने स्वतः तीन वर्षं एक गोष्ट जाहीर केली नव्हती. बँकेपासून नव्हे, आईपासून लपवली होती.

तो सिंगापूरचा नागरिक झाला होता. तो, बायको मधुवंती आणि मुलगी आर्या, तिघंही. भारताचे पासपोर्ट परत केले, गुलाबी ओळखपत्रं घेतली, समारंभात उभं राहून शपथ घेतली आणि बाहेर येऊन फोटो काढला. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. एकोणीस वर्षं इथे काढली, बुकित बातोकला फ्लॅट घेतला, मुलगी इथेच जन्मली. ज्या घरात राहायचं त्या घराचं व्हावं, यात कोणाच्या बापाचं काय जातं? लाज होती ती न सांगण्यात.

आई निंबखेड्याला एकटी राहायची. तालुक्यापासून बावीस किलोमीटरवरचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती आणि आख्खं गाव तिला सबनीस बाई म्हणायचं. नोकरीत असताना तिने किती निवडणुकांची ड्युटी केली याचा हिशेब तिच्याकडेही नव्हता. मतपेटी उशाशी घेऊन परक्या गावच्या शाळेत झोपलेली बाई ती. दरवर्षी पंचवीस जानेवारीला, मतदार दिनाला, गावातल्या नव्या मतदारांना शपथ द्यायला तिलाच बोलावत.

प्रबोधला इथलं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला तेव्हा तिने फोनवर विचारलं होतं, "म्हणजे पासपोर्ट आपलाच ना?" तो म्हणाला, "आपलाच." तेव्हा ते खरं होतं. नागरिकत्व घेतल्यावर महिन्याभराने तिने काहीतरी बोलता बोलता पुन्हा तेच विचारलं, आणि याच्या तोंडून सवयीने तेच उत्तर गेलं. मग पुढच्या भेटीत समोर बसून सांगू, असं ठरलं. भेट आली की हा सांगायला तोंड उघडायचा आणि चहा मागायचा. अशा दोन भेटी चहावर निभावल्या.

तिसऱ्या भेटीत मात्र चहाने भागलं नाही. विधानसभेच्या निवडणुकीच्या वेळी तो नेमका गावी होता. मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता आई इस्त्रीची साडी नेसून तयार, हातात दोघांच्या मतदार चिठ्ठ्या.

"ऊठ, चल. तुझे बाबा गेल्यापासून मी एकटीच जाते मताला. आज जोडीनं जाऊ."

तेव्हा सांगायला हवं होतं. वाक्य केवढं? पाच शब्दांचं. पण आईने त्याचं जुनं मतदार ओळखपत्र कपाटातून काढून, रुमालाने पुसून टेबलावर ठेवलं होतं. बॅगेत सिंगापूरचा लाल पासपोर्ट आणि टेबलावर ते पुसलेलं कार्ड, यांच्या मधोमध हा सेहेचाळीस वर्षांचा बाप्या दात घासत उभा राहिला. मग मुकाट्याने शर्ट घालून तिच्या मागोमाग गेला. शाळेत पोलिंग एजंट हसून म्हणाले, "वा, सिंगापूरकर खास मतदानाला आले!" कोणी काही विचारलं नाही. सबनीस बाईंच्या मुलाला कोण काय विचारणार? त्याने सही केली, बोटाला शाई लावून घेतली, बटण दाबलं. यंत्राची शिट्टी वाजली. बाहेर आल्यावर आईने शेजारणीला सांगितलं, "विमानाचं तिकीट काढून आला, पण मत चुकवलं नाही." तिकीट दिवाळीसाठी काढलं होतं आणि मुक्काम लांबला होता, हे त्याने दुरुस्त केलं नाही. जिथे मोठं खोटं पचलं तिथे छोट्याला कोण विचारतो.

इथे परत आल्यावर तो ते विसरून गेला. विसरणं ही एक सोय असते. इथल्या निवडणुकीत तो बुकित बातोकच्या ब्लॉकखालच्या मतदान केंद्रात दहा मिनिटांत मत देऊन आला आणि नाश्त्याच्या टेबलावर इथल्या शिस्तीचं कौतुक करत बसला. एक माणूस आणि दोन देशांच्या याद्या, हे त्याच्या तपासणीच्या डोळ्यांना एकदाही खुपलं नाही.

यंदा निंबखेड्याच्या मतदारसंघातले आमदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. एरवी पोटनिवडणूक म्हणजे निरुत्साहाचा कारभार. पण मागच्या वेळी आमदार अवघ्या चारशे बारा मतांनी निवडून आले होते. त्यामुळे दोन्हीकडचे कार्यकर्ते यादीतलं एकेक नाव तांदूळ निवडावेत तसं निवडायला बसले. कोण मेला, कोण पुण्याला गेला, कोणाचं नाव दोन गावांत आहे. तहसील कचेरीत हरकतींचे गठ्ठे पडायला लागले. यादीतल्या नावावर आक्षेप घ्यायचा तर जो अर्ज द्यावा लागतो, त्याला सरकारी भाषेत हरकत म्हणतात.

निंबखेड्याच्या यादीची राखण सुरेखा गोरे करायची. ती गावची अंगणवाडी सेविका. पोरांना खिचडी खाऊ घालायची, गरोदर बायकांची वजनं घ्यायची आणि वर सरकारने तिला बीएलओ केलेलं. बीएलओचं काम म्हणजे घरोघर हिंडून यादी ताजी ठेवायची. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव चढवायचं, गेलेल्या म्हाताऱ्याचं उतरवायचं, मतदानाआधी चिठ्ठ्या वाटायच्या आणि काही चुकलं की शिव्या खायच्या. ती आईची विद्यार्थिनी, त्यामुळे प्रबोधला दादा म्हणायची.

पोटनिवडणुकीच्या तीन-चार महिने आधी यादीची पडताळणी झाली, तेव्हा सुरेखाने आईच्या ओसरीवरूनच त्याला व्हिडिओ कॉल लावला होता. हा ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या गर्दीत, मित्रांबरोबर जेवत होता.

"दादा, तुमचं नाव कायम ठेवू का कमी करू? साहेब म्हणतात, बाहेर असलेल्यांना विचारून घ्या."

"कमी कशाला करतेस गं? जिवंत आहे अजून मी!"

ती हसली. मागे आईही हसली. "तसं नव्हे हो दादा. फॉरेनला राहणाऱ्यांचा वेगळा नियम असतो म्हणे. तुम्ही आपले इथलेच ना?"

"म्हणजे काय! इथलाच आहे मी. ठेव नाव."

सुरेखाने कागदावर खूण केली आणि पुढच्या घरी गेली. तिने नागरिकत्व हा शब्द वापरला नव्हता. "आपले इथलेच ना" असं विचारलं होतं, कारण गावात हे असंच विचारतात. त्याला प्रश्न कळला नाही असं म्हणायला जागा नाही. त्याने नूडल्सचा पुढचा घास घेतला.

आता या भानगडीत तिसरं माणूस येतं, ते म्हणजे विक्रांत. प्रबोधचा इथला जुना मित्र, पेशाने अकाउंटंट, हौशी. मराठी माणूस कुठेही गेला तरी फ्लेक्सशिवाय त्याचं मन रमत नाही. गावात वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात लागतात, इथे चौक मिळत नाही म्हणून ते मोबाइलवर लागतात. तीन वर्षांपूर्वी विक्रांतने सबनीसांच्या शपथेच्या फोटोभोवती झेंडूच्या माळा काढून, वर गुलाबी ढग सोडून एक बॅनर केलं होतं. "सिंगापूरचे नागरिकत्व मिळाल्याबद्दल सबनीस कुटुंबाचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार." ते इथल्या ग्रुपवर पडलं, चाळीस अंगठे आले, संपलं. म्हणजे संपलं असं वाटलं. पण ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर करत, कोणाच्या तरी पुण्याच्या मावसभावाच्या मोबाइलात झोपून राहिलं आणि नेमकं पोटनिवडणुकीच्या तोंडावर निंबखेड्यात उठलं. विरोधी बाजूच्या एका कार्यकर्त्याने त्याची रंगीत प्रिंट काढली आणि हरकतीला जोडली. परदेशी नागरिकाचं नाव यादीत ठेवलं, आणि बीएलओने संगनमताने ठेवलं, अशी तक्रार.

सुरेखाचा फोन आला तेव्हा प्रबोध पुंगोलला विक्रांतच्या घरी रविवारच्या जेवणाला आला होता.

"दादा, मला कारणे दाखवा नोटीस आलीये." तिचा आवाज पातळ झाला होता. "त्यांनी एक फोटो लावलाय. माळांचा. ते खरं आहे का हो?"

प्रबोध बाल्कनीत गेला. खाली एलआरटीचा, इथल्या छोट्या रेल्वेचा, डबा वळणावरून सावकाश जात होता. तो डबा दिसेनासा होईपर्यंत हा त्याच्याकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "खरं आहे."

सुरेखा म्हणाली, "बाईंना माहीतेय?"

"नाही."

यावर ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आपली अडचण सांगितली. गुरुवारी अकरा वाजता प्रांत साहेबांपुढे सुनावणी होती. बीएलओचं काम जाईल त्याचं दुःख नव्हतं, ते गेलं तर नारळ फोडीन म्हणाली. पण साहेबांनी संगनमत धरलं तर अहवाल अंगणवाडीच्या ऑफिसात जाणार आणि चौदा वर्षांची नोकरी जाणार. नवरा घरी बसून, दोन मुली कॉलेजात.

"तुम्ही एवढीच एक ओळ लिहून द्या दादा. की सुरेखाने मला विचारलं होतं आणि मी इथलाच आहे असं सांगितलं होतं. बस. मी खोटी नाही एवढं कळू दे त्यांना."

"देतो. आज देतो."

विक्रांतने सगळं ऐकलं आणि आधी स्वतःच्या बॅनरबद्दल कपाळावर हात मारून घेतला. मग तो गंभीर झाला. "प्रबोध, ही ओळ लिहू नकोस."

"का?"

"तू खोटं सांगितलंस असं स्वतःच्या सहीने देणार? नागरिकत्व कधी घेतलं ते विचारतील. तारीख दिलीस की कोणीतरी मागच्या निवडणुकीचं रजिस्टर उघडेल. त्यात तुझी सही आहे ना? फोटोवर तारीख नाही, म्हणून अजून कोणाच्या डोक्यात ते आलं नाही. परदेशी माणसाने मत देणं म्हणजे गुन्हा आहे बाबा. ओसीआय कार्ड, आपला तो भारतात जायचा कायमचा व्हिसा, तो गेला तर आईला भेटायला कसा जाशील?"

आईचं नाव निघालं आणि प्रबोधला मोठा आधार मिळाला. भित्र्या माणसाला आपल्या भीतीला आईचं नाव देता आलं की त्याची भीती सुपुत्रासारखी दिसायला लागते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, आपल्याला तिथे जाता आलंच पाहिजे, असं तो मनाशी पाठ करत घरी आला.

मंगळवारी त्याने पत्र लिहिलं. पत्र लिहिण्यात तो पटाईत होता. काय लिहिल्याने काय होतं आणि काय न लिहिल्याने काय होत नाही, यातच त्याची हयात गेली होती. तीन मसुदे केले आणि शेवटी दोन ओळी उरल्या. "सदर पडताळणीच्या वेळी मला नागरिकत्वाबाबत कोणीही विचारणा केली नव्हती. माझे नाव मतदार यादीतून वगळण्यास माझी हरकत नाही."

मधुवंतीने ते वाचलं. ती स्पष्ट बोलणारी बाई.

"यात खोटं काही नाही," ती म्हणाली.

"नाहीच आहे."

"पण हे वाचून काय वाटतं सांगू? सुरेखाने काही न विचारताच खूण केली, असं वाटतं."

"नागरिकत्व हा शब्द तिने खरंच वापरला नव्हता."

"प्रबोध, तुला चांगलं माहितीये तिने काय विचारलं होतं."

सोफ्यावरून आर्याने हेडफोन काढला. पंधरा वर्षांची पोर, घरातल्या कुजबुजीला तिचे कान बरोबर लागायचे. "वेट, आजीला अजून माहीतच नाही? पप्पा, यू नेव्हर टेल हर मेह?" तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"तू अभ्यास कर," तो म्हणाला. आणि त्याने पत्र प्रांत कचेरीला पाठवलं. सुरेखालाही एक प्रत पाठवली, वर एक हात जोडल्याची खूण टाकली. तिचं उत्तर आलं नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तो मोबाइल उलटा ठेवून जेवला.

गुरुवारी दुपारी, इथे तीन वाजले असतील, सुरेखाचा फोन आला. प्रबोध काचेच्या खोलीत एका तरुण पोराची चौकशी करत होता. त्याने त्या पोराला पाणी प्यायला सांगितलं आणि बाहेर जिन्यात जाऊन फोन घेतला.

"दादा, सुटले मी!" सुरेखा रडत होती की हसत होती कळेना. "ताकीद दिली फक्त. नोकरी राहिली."

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. "बघ, मी म्हणालो होतो ना, पत्र दिलं की—"

"पत्रानं साहेब जास्तच चिडले हो," ती म्हणाली. अगदी सरळ म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. "म्हणाले, बघा, विचारलंसुद्धा नाही म्हणतोय तो माणूस, आणि तुम्ही खूण केलीत. मला तर पुढं बोलताच येईना. तुम्ही घाईत लिहिलं असणार, कामात असता. मी काही मनावर घेतलं नाही."

शिव्या दिल्या असत्या तर त्या अंगावर घेऊन मोकळा झाला असता. ती त्याच्यासाठी सबब शोधत होती.

"मग?"

"मग बाई उठल्या. मी त्यांना या म्हटलं नव्हतं दादा, देवाशपथ. नोटीस मी घरी दाखवलीसुद्धा नव्हती. पण गावात तो फोटो फिरला, त्यांनी कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिला. सकाळच्या एसटीत मी चढले तर त्या आधीच बसलेल्या. सुनावणीत उठल्या आणि म्हणाल्या, साहेब, या मुलीची चूक नाही. ती चौकशीला आली तेव्हा मी घरात होते. मुलगा तिकडचा नागरिक झालाय हे मला माहीत होतं, आणि मी तिच्यापासून लपवलं. नाव कमी झालं तर जिवाला लागेल म्हणून लपवलं. लिहून घ्या, मी सही करते."

"आई असं म्हणाली?"

"सही केली त्यांनी. साहेबांनी वयाकडे बघून समज देऊन सोडलं. पण बोलले खूप. तुम्ही हेडमास्तरीण होतात, इतकी वर्षं निवडणुकीची कामं केलीत, तुम्हाला हे शोभतं का म्हणाले. बाई हात जोडून उभ्या होत्या. मी चौथीत असल्यापासून त्यांना बघते, त्यांना कोणापुढे हात जोडताना नव्हतं पाहिलं."

तो परत खोलीत गेला तेव्हा ते तरुण पोरगं अजून पाण्याचा ग्लास हातात धरून बसलं होतं. प्रबोधने त्याला सांगितलं की आज राहू दे, उद्या बोलू. त्या पोराला काय पुण्य फळलं ते कळलं नाही. प्रबोध बुकित बातोकपर्यंत एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभा राहिला, जागा रिकामी असून बसला नाही. बसायची लाज वाटली, याला काही अर्थ नव्हता, पण वाटली.

त्याने त्या संध्याकाळी आईला फोन केला. तिने गुडघ्याचं सांगितलं, पाण्याच्या टाकीचं सांगितलं, आर्याच्या परीक्षेचं विचारलं. सुनावणीचा विषय तिने काढला नाही आणि यालाही काढता आला नाही. पंधरा दिवस असेच फोन झाले. सुरेखाकडून मात्र थोडं थोडं कळत होतं. मतदान जागृतीच्या प्रभातफेरीत दरवेळी बाई पुढे असायच्या, यंदा त्यांना कोणी बोलावलं नाही. शाळेच्या भिंतीवर मतदानाच्या आवाहनाचा बोर्ड लागला, त्यावरचा बाईंचा फोटो काढून टाकला. कोणी वाईट बोललं नाही. नुसतं बोलावलं नाही.

मतदानाचा दिवस उजाडला. इथे सुट्टी नव्हती, पण प्रबोधने रजा टाकली आणि सकाळपासून लॅपटॉपपुढे बसला. आज त्याने खरोखरचं पत्र लिहिलं. नागरिकत्वाची तारीख घातली. सुरेखाने काय विचारलं आणि आपण काय सांगितलं, ते शब्दाला शब्द घातलं. आपण मत दिलं होतं तेही घातलं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिने केवळ दुसऱ्याची नोकरी वाचवायला ते विधान केलं, हेही लिहिलं. या खेपेला मसुदे तीन झाले नाहीत, एकच झाला. मधुवंतीने वाचून काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जे व्हायचं ते होऊ दे, असं दोघांनी ठरवलं. आईच्या कानावर घालायचं आणि पाठवायचं, एवढंच राहिलं होतं. साडेअकराला त्याने फोन लावला. तिथे नऊ वाजले होते.

"आत्ताच मत देऊन बाहेर आले," आई म्हणाली. तिचा आवाज ताजा होता. "सातला यंत्र सुरू झालं बरोब्बर. त्याआधी एजंटांसमोर पन्नास मतं टाकून बघितली, पुसली, सील लावलं. नवीन मास्तर आहे केंद्राध्यक्ष, पण नीट करत होता. सुरेखा बाहेर मदतीच्या टेबलावर बसलीये. मला खुर्ची आणून दिली तिनं."

"आई," तो म्हणाला. "मला सुरेखानं सगळं सांगितलं. सुनावणीचं."

"सांगितलं का? नको म्हटलं होतं मी तिला."

"तुला माहीत नव्हतं गं काही. मी तुला सांगितलंच नव्हतं. मला इतकी लाज वाटते..." त्याने लॅपटॉप थोडा दूर सारला. "तू माहीत होतं असं का सांगितलंस? फक्त तिच्यासाठी?"

मागे शाळेच्या आवाराचा गलका ऐकू येत होता.

"तिच्यासाठी तर होतंच," ती म्हणाली. "पण खरं सांगू का? साहेबांनी मला विचारलं, बाई, मुलानं तुम्हाला सांगितलं नव्हतं का? खोलीत पंधरा-वीस माणसं. निम्मी माझ्या हाताखाली शिकलेली. मी खोटं बोलले असं म्हणू देत त्यांना, म्हणतातच आहेत. ते सोसवतं रे. पण पोरानं हिला सांगितलंसुद्धा नाही, हे त्यांच्यापुढे माझ्या तोंडून निघेना."

प्रबोधने तोंडावर हात ठेवला. मधुवंती समोर उभी होती, तिच्याकडे त्याला बघता आलं नाही.

"आई, मी पत्र लिहिलंय. सगळं खरं लिहिलंय, माझ्या मतदानासकट. आज पाठवतो. तुझ्यावरचा डाग जाईल. गावाला कळू दे, तुझी काही चूक नव्हती."

"नको."

"का नको? मला जी शिक्षा व्हायची ती होऊ दे."

"शिक्षेचं नाही म्हणत मी. अरे, मी सही केलीये तिथे. मला माहीत होतं, असं लिहून सही केलीये. तू आता खरं लिहिलंस की ती सही खोटी होते, आणि सुरेखाची फाइल पुन्हा उघडते. मी एवढ्या माणसांसमोर उभी राहिले ते फुकट जातं." तिचा स्वर चढला नव्हता. शाळेत गणित चुकलेल्या मुलाला समजावून सांगावं तसं ती सांगत होती. "खरं सांगायचं होतं ना, ते मला सांगायचं होतंस. घरात. आता कचेरीला सांगून काय उपयोग?"

लॅपटॉपवर ते पत्र उघडं होतं, त्यातला शब्द न् शब्द खरा होता आणि त्यातला एकही आता पाठवता येत नव्हता.

"पुसून टाक ते," आई म्हणाली. "टाकतोस ना?"

"बरं," प्रबोध म्हणाला.